वस्ती नाही

सुनावणीच्या दिवशी नवसी सकाळीच पालघरच्या नव्या सरकारी इमारतीत येऊन थांबली होती. धुतलेलं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस. चपला तिनं बाहेर दाराशीच काढून ठेवल्या होत्या, कारण एवढ्या गुळगुळीत फरशीवर चपला घालून चालायला तिला कसंतरीच वाटत होतं. वैभवी आली तेव्हा ती बाक रिकामा असूनही भिंतीला टेकून खाली बसली होती.

"मावशी, वर बसा की."

"ऱ्हाऊ दे. मना आत कवा बोलावतील?"

"आधी आम्ही बोलू. मग तुम्हाला बोलावतो."

"मी काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच. दगड किती जुने आहेत, तुमच्या सासऱ्यांच्या आधीपासून तिथं पूजा कशी चालते. घाबरू नका."

"साहेब लोकांना मी कवा भ्यायली नाय," नवसी म्हणाली. पण लुगड्याचा काठ ती बोटांत पिळत होती.

वैभवी घोरपडे पालघरच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. ती मूळची कोल्हापूरकडची. नवरा, विक्रम, तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, म्हणून लग्नानंतर बोईसरला आली आणि इथलीच झाली. पालघर जिल्ह्याचं ठिकाण झालं तशी शहराची कळा बदलली. मग रस्ते आले, कचेऱ्या आल्या, भाताच्या खाचरांवर प्लॉटचे खांब उभे राहिले. रोजच्या बसमधून वैभवी हे बघत असे. बोईसर रस्त्याच्या कडेची एक लहानशी टेकडी तेवढी तशीच होती. तिच्यावर चिंचा, करंज, दोनचार मोहाची झाडं, एक दगडी बांधणीचं तळं, आणि तळ्याच्या काठी ओळीनं उभे असलेले वीरगळ. लढाईत पडलेल्या कुणाकुणाच्या आठवणीसाठी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेले ते दगड अर्धे मातीत गेले होते.

शाळेची सहल घेऊन ती पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा नवसीनं मुलांना हंड्यातलं पाणी दिलं होतं. टेकडीच्या रस्त्याकडच्या उतारावर तिचं कुडाचं घर होतं. घरात मुलगा जिवल्या, सून सपना आणि नात दीपिका. पावसाळ्यात उतारावरच्या तुकड्यात नाचणी-वरई पेरायची, दिवाळी झाली की मुलगा-सून नातीला घेऊन वीटभट्टीवर जायची, आणि नवसी शेळ्या सांभाळत मागे राहायची. वीरगळांतला एक दगड शेंदरानं पार माखला होता. नवसीच्या घराण्याचा तो देव, वाघोबा. "हात लावा," तिनं मुलांना सांगितलं होतं, "पन पाय नका लावू." ती सगळ्यांशी एकेरीतच बोलायची. वैभवीला पहिल्या दिवसापासून ती "तू बाई" म्हणत आली.

शहराच्या आराखड्यात या टेकडीवर वाहनतळ आणि दुकानांची इमारत दाखवली आहे हे कळलं, तेव्हा वैभवी पेटून उठली. मेहुल शहा तिच्या सोबतीला आला. स्टेशनजवळ त्याचं औषधांचं दुकान होतं. लहानपणी तो त्याच तळ्यात पोहायला शिकला होता. दोघांनी माणसं जमवली. रविवारी टेकडी साफ करायची, मुलांकडून चित्रं काढून घ्यायची, आराखड्यावरच्या हरकतीसाठी सह्या गोळा करायच्या. काम संपलं की नवसी सगळ्यांना कोरा चहा द्यायची. त्या वर्षभरात वैभवीला वाटू लागलं होतं की आयुष्यात आपण पहिल्यांदाच काहीतरी खरं करतो आहोत.

सुनावणीच्या आधी एका संध्याकाळी मेहुलनं तिला दुकानावर बोलावून घेतलं.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "घर. तिथं वस्ती आहे म्हटलं की दुकानं बांधू बघणारा समोरचा पक्ष म्हणणार, कसला वारसा आणि कसली हिरवळ, हे तर अतिक्रमण. मग टेकडी वारशाच्या यादीतून बाहेर आणि वाहनतळ पक्का."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"विषयच काढू नकोस. विचारलंच तर बघ." गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता तो पुढे म्हणाला, "आणि घर तरी कसलं ते? दिवाळीनंतर अर्धं घर भट्टीवर असतं. त्याला वस्ती म्हणतात का?"

हे वाक्य वैभवीला तिथं पटलं नाही. पण ती ते घरी घेऊन गेली, आणि सुनावणीच्या दिवसापर्यंत ते तिचं स्वतःचं झालं होतं.

आत अधिकारी सभ्यपणे वागले. त्यांनी वीरगळांचे फोटो हातात घेऊन नीट पाहिले. फोटो वैभवीनंच निवडले होते. एकाही फोटोत घर नव्हतं. तळ्याबद्दल, झाडांबद्दल प्रश्न झाले. मग त्यांनी चष्मा काढला.

"जागेवर वस्ती आहे का?"

मेहुल समोर बघत राहिला. वैभवीच्या डोळ्यांपुढे कुडाची भिंत आली, तिच्यावर सुकायला टाकलेला दीपिकाचा गणवेशाचा फ्रॉक आला.

"नाही," ती म्हणाली. "वस्ती नाही."

वर्गात धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर सांगताना निघतो तसा तिचा आवाज निघाला.

"आणखी कुणाला बोलायचंय?"

नवसी आत आली की पहिलाच प्रश्न होणार होता, बाई, तुम्ही राहता कुठे.

"नाही," वैभवी दुसऱ्यांदा म्हणाली.

दार उघडून ती बाहेर आली तशी नवसी गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला. "चल?"

"मावशी, तुमची गरज नाही पडली. काम झालं बहुतेक."

नवसीच्या तोंडावर हसू आलं. "बरा झाला. खरा सांगू, मना भ्या वाटत व्हता."

खाली गाडीवर त्यांनी वडापाव खाल्ला. नवसीनं अर्धा नातीसाठी पदरात बांधून घेतला. वैभवीनं आपला तसाच कागदात गुंडाळून ठेवला. उन्हानं डोकं चढलंय, असं तिनं सांगितलं.

टेकडी वाचली. वाहनतळ दुसरीकडे गेला, वारसा उद्यान मंजूर झालं, आणि मोहिमेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर अभिनंदनं चालली. वैभवीनंही हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. आत कुठंतरी तिनं स्वतःला समजावून ठेवलं होतं की कुंपण घालताना घराचं काहीतरी बघता येईल, माणसं काही दगड नसतात.

थंडी सरत आली होती. जिवल्या, सपना आणि दीपिका भट्टीवर होती. एका सकाळी शाळेकडे येताना बसच्या खिडकीतून वैभवीला टेकडीच्या पायथ्याशी टेम्पो उभा दिसला. पुढच्या थांब्यावर उतरून ती धावत मागे आली. बोईसरहून आणलेले मजूर घर उतरवत होते. तोडफोड नव्हती, दांडगाई नव्हती. एक पोरगेला मजूर कौलं एकेक काढून खाली देत होता आणि नवसीला विचारत होता, "अम्मा, ये किधर रखूँ?" रस्त्याच्या कडेला हंडे, पाटा, गोधड्यांचं गाठोडं, आणि करंजाला बांधलेल्या शेळ्या.

नवसीला ती दिसली आणि तिचा चेहरा उजळला.

"तू आलीस, बरा झाला. तू सांग त्यांना. तुजा आयकतील. मी कवाधरनं सांगतंय, बाईला इचारा, बाईला सगला ठावं हाय."

वैभवी मुकादमाकडे गेली. तो चाळिशीचा, शांत माणूस होता.

"थांबवा हे. यांना नोटीस तरी दिली का? पर्यायी जागा?"

"कुणाला द्यायची, मॅडम?" तो म्हणाला. "इथं वस्तीच नाही ना. सुनावणीत तुम्हीच सांगितलंत साहेबांना, आदेशात तुमचं नाव आहे. वस्ती असती तर जागा द्यावी लागली असती, आमचं कामही अडलं असतं. वस्ती नाही म्हटल्यावर हे नुसतं सामान." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की बाई विसरल्या असतील.

नवसी मागेच उभी होती. शेळी ओरडली, तिनं तिकडे पाहिलं, पुन्हा वैभवीकडे पाहिलं.

"असा बोललीस?"

वैभवीला सांगता आलं असतं की तसं नव्हतं बोलायचं, की मेहुल म्हणाला, की नाहीतर वाहनतळ झाला असता. "हो," ती म्हणाली.

"मी बाहेर बसलेली, तवा?"

"हो."

गाठोड्याची सुटलेली गाठ नवसीनं पुन्हा बांधली. वैभवी म्हणाली, माझ्या घरी चला, आत्ता चला. तेव्हा नवसीनं एवढंच विचारलं, "शेळ्या कुठं बांधशील?" दुपारी मासवणहून तिचा भाचा आला, आणि टेम्पोत कौलांवर गोधड्या टाकून नवसी बहिणीकडे निघून गेली.

महाराष्ट्र दिनाला उद्यानाचं उद्घाटन झालं. कुंपण, फाटक, पायवाटा, माहितीचे फलक. वीरगळ मातीतून वर काढून ओट्यावर उभे केले होते, आणि तज्ज्ञांनी त्या एका दगडावरचा शेंदूर थरामागून थर काढून टाकला होता. खाली तलवार उगारलेला वीर निघाला, त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा निघाल्या, माथ्यावर चंद्र-सूर्य. इतकं सुरेख काम वैभवीनं या भागात कुठं पाहिलं नव्हतं. पहिल्या क्षणी तिला निव्वळ आनंद झाला. मग आपल्याला आनंद झाला हे तिच्या लक्षात आलं, आणि ती दगडाकडे पाठ करून उभी राहिली.

तिला शाल दिली. दोन शब्द बोलायला सांगितलं. बोलता येईल, इथं सगळ्यांसमोर सांगून टाकता येईल, असं ठरवूनच ती घरून निघाली होती. तिनं मुलांचे आभार मानले, मेहुलचे मानले, "आणि स्थानिकांचे," म्हणाली. टाळ्या पडल्या आणि ती खाली उतरली.

घरी विक्रमनं तिला नीट ऐकून घेतलं. तो तिच्यावर कधी आवाज चढवत नसे.

"खोटं बोललीस हे खरं," तो म्हणाला. "पण वाहनतळ झाला असता तर तिचं घर तसंही गेलं असतं. वर टेकडीही गेली असती. हिशेब तू बघतच नाहीस."

"बघते. रोज बघते."

"मग?"

"तेव्हा ते त्यांनी घालवलं असतं. आता मी घालवलंय."

दुसऱ्या दिवसापासून ती बसनं जायची सोडून रिक्षानं जाऊ लागली. रिक्षावाले दुसऱ्या रस्त्यानं जात, टेकडी लागत नसे. सुट्टीतल्या जादा वर्गात 'ऐतिहासिक ठेव्यांचं जतन' हा धडा आला तेव्हा तिनं मुलांना तो मनात वाचायला सांगितला.

पाऊस लागायच्या थोडं आधी ती मासवणला गेली. नवसीच्या बहिणीचं घर आधीच भरलेलं होतं. पडवीत एका बाजूला ताडपत्री टांगून यांची सोय केली होती. नवसी अंगणात लाकडं रचत होती. तिनं वैभवीला बसायला गोणपाट टाकलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि पुन्हा लाकडं रचू लागली. बोलला तो जिवल्या. भट्टीवरून परतल्यावर घराच्या जागी कुंपण बघून तो फाटकावरच्या रखवालदाराशी भांडला होता.

"माफी मागाया आलीस?"

"हो."

"आमाला मागून काय उपेग? आमाला ठावं हाय आमचा घर व्हता. ज्याला ठावं नाय त्याला जाऊन सांग."

"सांगितलं तर सगळाच निकाल रद्द होऊ शकतो," वैभवी म्हणाली. "टेकडी पुन्हा त्यांच्या घशात जाईल."

"आमची गेलीच हाय," जिवल्या म्हणाला.

नवसी लाकडं रचायची थांबली. "वाघोबाचा शेंदूर पुसला म्हंत्यात. खरा?"

"खरं आहे, मावशी."

"कोना इचारला?" असं म्हणून ती ताडपत्रीमागे गेली आणि वैभवी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परत आल्यावर वैभवीनं मेहुलला सांगितलं की ती अधिकाऱ्यांकडे जाणार आहे. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"वर्षभराचं काम. माझं, तुझं, सगळ्यांचं. तुला मोकळं वाटावं म्हणून ते पणाला लावणार?"

हा प्रश्न तिला लागला, कारण तिलाही तीच भीती होती. "मोकळं वाटेल असं वाटत नाही मला," ती म्हणाली. "पण ती बाई बाहेर बसली होती आणि मी आत नाही म्हणाले, मेहुल. तू होतास तिथं."

"मी काही बोललो नव्हतो," मेहुल म्हणाला.

त्या दिवसानंतर त्यानं तिचा फोन उचलला नाही.

वैभवी कचेरीत गेली तेव्हा नवसी आणि जिवल्याला बरोबर घेऊन आत गेली. अधिकाऱ्यांना ती आठवत होती. तिनं उभ्यानंच सांगितलं. जागेवर घर होतं, पिढ्यान्‌पिढ्या होतं, मला माहीत होतं, विचारल्यावर मी नाही म्हणाले. अधिकाऱ्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"याचे परिणाम तुम्हाला कळतात?"

"हो."

"शिक्षिका आहात तुम्ही."

"हो," वैभवी म्हणाली. तिचे कान तापले होते.

मग त्यांनी नवसीकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही राहत होता कुठे?" नवसीनं सांगितलं. कुठल्या झाडाखाली नाळ पुरली, कुठल्या बांधावर सासरा गेला, पाणी कुठून आणायची. ती सांगत होती आणि वैभवी जमिनीकडे बघत होती. हे सगळं त्या पहिल्या दिवशीही सांगून झालं असतं.

सुनावणी पुन्हा उघडली, आणि जे व्हायचं ते झालं. समोरच्या पक्षानं लगेच उचल खाल्ली: ज्यांनी वस्तीबद्दल खोटं सांगितलं, त्यांच्या वारशावर काय म्हणून विश्वास ठेवायचा? पावसाळाभर तारखा पडत राहिल्या. शेवटी तळं, वीरगळ आणि वरची झाडं वाचली. नवसीच्या घराचा दावा तपासायला घेतला आणि तोवर तिला जागेवर राहू द्यावं असं ठरलं. पण घराच्या खालची, रस्त्यालगतची पट्टी उद्यानातून वगळून वाहनतळाला दिली गेली. त्या पट्टीत चिंचा होत्या.

चिंचा पडल्या त्या दिवशी वैभवी मुद्दाम गेली. करवतीचा आवाज लांबूनच येत होता. मेहुल तिथं होता, मोहिमेतली आणखी काही माणसंही होती. तिला पाहून सगळी दोन पावलं बाजूला सरकली. एक जुनी चिंच आडवी झाली तेव्हा मेहुलनं मान वळवली आणि त्याची नजर सरळ तिच्यावर आली. त्यानं तोंडानं दिला असता तो दोष तिनं ऐकून घेतला असता. तो गाडीत बसून निघून गेला. आपण खरं बोललो आणि ही झाडं गेली; आपण खोटं बोललो होतो तेव्हा घर गेलं होतं. दोन्हींची गोळाबेरीज काही केल्या जमत नव्हती, आणि जमवायचा आपल्याला हक्क आहे का, तेही तिला कळत नव्हतं.

दसरा झाल्यावर नवसीचं घर पुन्हा उभं राहू लागलं. जिवल्यानं कारवीच्या काठ्या आणल्या, सपनानं माती कालवली. एका रविवारी वैभवी गेली. फाटकातून आत शिरताना ओट्यावरच्या दगडाकडे तिचं लक्ष गेलं. वीराच्या छातीवर, तलवारीवर ताजा शेंदूर होता. शेजारी फलक होता, 'कृपया हात लावू नये'. रखवालदार दुसरीकडे बघत बसला होता.

"मी लिंपायला लागू का?" तिनं विचारलं.

"आमचे हात हायत," नवसी म्हणाली.

वैभवी उन्हात उभी राहिली. सपना भिंतीला हातानं माती थापत होती, तिच्या बोटांचे फराटे ओल्या मातीत उमटत होते. कुणी बस म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं ती निघाली तेव्हा नवसी हात पुसत मागोमाग फाटकापर्यंत आली.

"बाई."

वैभवी थांबली.

"माजा तुज्यावर राग हाय. तो जाईल असा मना वाटत नाय."

"जाऊ नये," वैभवी म्हणाली.

"ते माजा मी बघन." नवसीनं मागे वळून पाहिलं. दीपिका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वर्षभरात तिची उंची वाढली होती. "हिची शाला बुडली. भट्टीवर बुडली, मासवनला बुडली. औंदा मी हिला भट्टीवर नाय धाडायची. तुज्या शालंत घे."

"घेते. उद्याच घेऊन या."

"मी नाय येनार," नवसी म्हणाली. "तू ये न्यायला."

दुसऱ्या दिवशी वैभवी पुन्हा बसनं निघाली आणि टेकडीच्या थांब्यावर उतरली. दीपिका घरातून आली, केसांना तेल लावलेलं, पाठीला कुणाचं तरी जुनं दप्तर. नवसी दारात उभी होती. तिनं नातीला हात केला, वैभवीला नाही. रस्त्यालगत चिंचांचे बुंधे अजून काढायचे राहिले होते. त्यांना वळसा घालून दोघी रस्त्यावर आल्या. दीपिका एक पाऊल अंतर ठेवून चालत होती, आणि वैभवीनं ते अंतर कमी करायचा प्रयत्न केला नाही.